साठ अंडी आणि एक

नांदेड, २४ ऑक्टोबर, शुक्रवार

अक्का,

नमस्कार घ्या. नसला घ्यायचा तर बाजूला ठेवा, पण पत्र फाडू नका. तुमचा शिवम म्हणाला, "काकू, आई तुमचा फोन घ्यायची न्हाई, पण लिहिलेलं वाचती. भज्याचा कागद पण वाचल्याबिगर टाकत न्हाई." म्हणून बसले लिहायला. नऊ वर्षांनी. सख्ख्या जावेला पत्र लिहिणारी आख्ख्या नांदेडात मी एकटीच असेन.

त्याचा फोन काल भाऊबीजेला आला. लग्न ठरलं म्हणाला, २४ नोव्हेंबरला, हळद आदल्या दिवशी. आनंद झाला हो अक्का, खरंच झाला. आधीची दोन स्थळं जमून मोडली, ती का मोडली हे मला कुणी सांगायला नको.

मग तो म्हणाला, "आई म्हणती, काकूनं यावं. पण हळदीच्या आधी एक डाव मारुतीच्या पारावर उभं राहून बोलावं. तिथंच म्हणल्या व्हत्या ना, माझ्या जावेनं दारात अंडं ठिवून करणी केली, माझ्या पोटातलं लेकरू खाल्लं. तिथंच म्हणाव्यात, ते खोटं व्हतं. न्हाईतर पोरीकडचे आईला सुनंची ओटी भरू द्यायचे न्हाईत. लोकांनी त्यांच्या कानावर घातलंय समदं."

मी म्हणलं, "बघते रे." आणि ठेवून दिला फोन.

तेव्हापासून घरात नुसती फिरून राहिले. दूध गॅसवर ठेवलं, कपडे वाळत घालायला गेले, दूध उतू गेलं. अक्षरा म्हणते, "मम्मी, तू बस ना एका जागी." अक्षरा म्हणजे माझी लेक, आठ वर्षांची. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. नाक आपल्या सासूबाईंचं आहे, रागही त्यांचाच.

आता मला सांगा, मी कामाची बाई. हे रेल्वेच्या ऑफिसात, सकाळी नऊला जातात. मी घरी डबे करते, रोजचे चौदा. त्यात एक ऑर्डर घेऊन बसले. आमच्या वरच्या मजल्यावर बुद्धप्रिया राहते, बँकेत आहे, हैदराबादला शिकून आली. तिला बिल्डिंगमधल्या पोरांसाठी हॅलोवीन करायचंय. हे तिकडच्या लोकांचं भुतांचं काहीतरी असतं, ३१ तारखेला. पोरं भुतं-हडळी होऊन हिंडतात आणि खाऊ मागतात. मी म्हणलं, "बाई गं, तुमच्या घरात तर भूत-देव काहीच मानत नाहीत." ती हसली. म्हणे, "भुतं नसतातच ताई, म्हणून तर त्यांच्याशी खेळायचं."

तिला पाहिजेत भुताचे डोळे. अंड्याचे! उकडलेलं अंडं अर्धं कापायचं, आतला बलक कालवून परत भरायचा, मधे काळं बुबुळ बसवायचं आणि पांढऱ्यावर लाल शिरा काढायच्या. साठ अंडी, एकशेवीस डोळे. हे म्हणाले, "कार्तिकात अंडी? आणि तीही भुताची?" मी म्हणलं, भुताला कार्तिक नसतो.

तर सांगायचं हे की मला इतक्यात सवड नाही. पारावरचं नंतर बघू.

वर्षाराणी

ता. क. सोलताना अंड्याचं पांढरं फाटतं माझ्याकडून. तुमचं कधी फाटायचं नाही. कसं सोलायच्या तुम्ही?


२७ ऑक्टोबर, सोमवार

अक्का,

पहिलं पत्र अजून टाकलेलंच नाही. पोस्ट वाटेत नाही, असं म्हणणार होते. पण वाटेतच आहे.

आज बारा अंड्यांची रंगीत तालीम केली. दुपारी डबे गेल्यावर मी आणि सिद्धम्मा बसलो. सिद्धम्मा माझ्याकडे भांडी घासते, भाजी निवडते. देगलूरकडची, विधवा आहे, साठीची असेल. कपाळावर हिरवं गोंदण. मराठी बोलते आपल्यासारखी, पण मोजायचं झालं की तेलुगुत. ओकटी, रेंडु, मूडु. अंडी मोजताना ओठ हलत असतात तिचे.

बारातली पाच फाटली. मिठाच्या पाण्यात उकडली, गार पाण्यात टाकली, तरी कवच पांढऱ्याचा लचका घेऊनच निघतं. सिद्धम्मा म्हणाली, "अंडं न्हाई हट्टी, तू घाई करायलीस." आणि खरंच, मधेच दोनदा उठून मी दार बंद आहे का बघून आले. भरदुपारी!

दुसरा एक प्रकार जमला मात्र. उकडलेल्या अंड्याला चमच्याने सगळीकडून तडे द्यायचे, कवच काढायचं नाही, तसंच बीटाच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवायचं. मग सोललं की पांढऱ्यावर कोळ्याचं जाळं उमटतं, लालसर. अक्षरा टाळ्या पिटायला लागली. डोळ्यांच्या बुबुळाला बुद्धप्रियाने ऑलिव्ह सांगितले होते, मी काळी द्राक्षं कापून लावली. बलकात मेयोनीज, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. शिरा दातकोरणीने काढल्या, बीट आटवून. चव फर्मास होती. दिसायला मात्र असं काही भयंकर, की ताटावर फडकं टाकलं मी.

मग एक आख्खं अंडं उरलं होतं. न कापता त्यालाच डोळा करून बघावा म्हणलं. बीटाने लाल केलं आणि मधे खायच्या काळ्या रंगाचा ठिपका दिला. हातात धरलं आणि

पाणी पिऊन आले.

लाल आणि काळं अंडं मी एकदाच पाहिलं होतं त्याआधी. आपल्या घरी, माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी. कुंकू फासलेलं आणि काजळाचं बोट लावलेलं. गावरान होतं, तांबूस. आणि आपल्या गल्लीत कोंबड्या तुमच्याच होत्या. म्हणून म्हणले ना मी, अक्का. उगीच नाही म्हणले. सहावा महिना लागला होता मला. सकाळी पहिलं पाऊल टाकायला गेले तर पायाशी ते. जमलेल्या बायकांनी तुम्हालाच ते उचलायला लावलं. तुम्ही पदरात घेतलं आणि ओढ्यापर्यंत चालत गेलात, मागे सगळी गल्ली. त्याच दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. लातूरला नेईपर्यंत संपलं सगळं. आणि पंधराव्या दिवशी मी पारावर गेले.

माझी आई तेव्हा मुदखेडहून आलेली होती, माझ्याजवळच होती. ती काही बोलली नाही.

असो. सांगत होते काय, तर २३ तारखेला मला जमेल असं वाटत नाही. त्या आठवड्यात डब्यांचं फार असतं.

वर्षा


२९ ऑक्टोबर, बुधवार

अक्का,

आज काय झालं ते ऐका.

ती फाटलेली अंडी, ते आख्खं लाल-काळं आणि कवचं मी पिशवीत बांधून सिद्धम्माकडे दिली होती घंटागाडीत टाकायला. गाडी निघून गेली होती, म्हणून तिने पिशवी कोपऱ्यावर ठेवली, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे. तिवाट्यावर! रात्रीतून कुत्र्यांनी फाडली. ते आख्खं अंडं गेलं घरंगळत आणि थांबलं कुठे, तर समोरच्या काकूंच्या फाटकात. त्यांची सून सात महिन्यांची पोटुशी.

सकाळी सिद्धम्मा कामाला आली तर काकूंनी तिला रस्त्यातच धरली. कुणीतरी तिला पिशवी ठेवताना पाहिलं होतं. बघता बघता पंधरावीस माणसं. "विधवा बाई, कपाळावर गोंदण, तोंडाने कायतरी पुटपुटत असते, आम्ही रोज बघतो." अहो, मोजत असते ती! "कुणाच्या सांगण्यावरून केलंस, बोल." ती बिचारी मधे उभी.

मी वरून पाहिलं आणि लगेच खाली धावले. म्हणलं, "सोडा तिला, अंडी माझी आहेत. पार्टीची आहेत." सगळं समजावून सांगितलं. बुद्धप्रियाही आली, तिने फोनवर व्हिडिओ दाखवला, भुताचे डोळे कसे करतात तो. वरून दम दिला, "असा कुणावर आळ घेणं कायद्याने गुन्हा आहे, काकू." पांगले मग सगळे.

बरं झालं मी होते.

काकूंनी त्यांचे दोन डबे बंद केले. करू द्या.

वर्षा


३० ऑक्टोबर, गुरुवार

अक्का,

कालचं पत्र खोटं आहे. फाडणार होते, पण राहू द्या. तेही पाठवते. माणूस लिहितानासुद्धा कसं खोटं बोलतं ते तुम्हाला दिसू द्या.

मी लगेच धावले नाही.

पोळ्या करत होते. आरडाओरडा ऐकू आला तशी खिडकीशी गेले. अंडं बघितलं. ओळखलं. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? डबे. चौदातले दोन त्याच घरचे, आणखी चार त्याच गल्लीतले. म्हणलं, आता मी "माझी अंडी" म्हणले तर अंडी रंगवणाऱ्या बाईच्या हातचं कोण खाईल? म्हणलं, होईल आपोआप शांत. म्हणलं, बुद्धप्रिया आहे की, ती सांगेल. तव्यावरची पोळी जळाली तरी मी खिडकीतच.

कुणीतरी ओरडलं, "अंडी कुणाची हायत ते सांग!" आणि सिद्धम्माने वर पाहिलं. थेट माझ्याकडे. अक्का, मी पडद्यामागे सरकले.

मग ती म्हणाली, "माझी हायत."

काकू म्हणाल्या, "तुझी हायत तर खाऊन दाखव. करणीची नसतील तर खा." फाटकातून अंडं उचलून तिच्या हातात दिलं. धुळीचं, मुंग्या लागलेलं. तिने पदराने पुसलं आणि घेतला घास. शांतपणे चावत उभी. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आता ही पडते का, रक्त ओकते का, असं.

तेव्हा मी खाली गेले. जिना कसा उतरले आठवत नाही. हाताला पीठ तसंच. तिच्या हातातलं उरलेलं अंडं घेतलं आणि मी खाल्लं, सगळ्यांसमोर. मग म्हणलं, "माझी आहेत. मीच रंगवलीत. मीठ कमी पडलंय." हे मिठाचं का म्हणले देव जाणे, तोंडातून निघून गेलं. त्यावर काकूंची सून फाटकात उभी होती ती फिसकन हसली. मग बुद्धप्रिया आली, तो व्हिडिओ वगैरे ते खरं आहे.

घरी आल्यावर सिद्धम्मा भांडी घासायला बसली. रोजच्यासारखी! मी विचारलं, "तुझी आहेत असं का म्हणालीस गं?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तू आत गेलीस, मी पाहिलं. तुला सांगायचं न्हाई हे कळलं. मंग काय करू, तुझं नाव घेऊ? तुझ्या चौदा डब्यांवर माझं बी पोट हाय."

मी तिथेच खाली बसले, मोरीच्या दगडावर, ओल्यात. रडले. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "सरक, पाणी जाऊ दे."

सिद्धम्मासाठी दहा मिनिटं लागली मला जिना उतरायला. उशिरा का होईना, उतरले तरी. तुमच्यासाठी कोण उतरलं होतं? उतरायला पाहिजे होतं असं एक माणूस होतं तिथे. लिहिते. उद्या लिहिते. उद्या साठ अंडी उकडायचीत, परवा लिहिते.

वर्षा


१ नोव्हेंबर, शनिवार

अक्का,

काल पार्टी झाली. संध्याकाळी पाच वाजता, खाली पार्किंगमध्ये. बुद्धप्रियाने काळे फुगे लावले होते, भोपळे कोरले होते. आपले लाल भोपळे, भाजीचे. पोरं पांढऱ्या चादरी पांघरून "हाऊ" करत आली. अक्षरा हडळ झाली होती, माझी जुनी काळी साडी गुंडाळून. मी तीन ताटं मांडली. एका ताटात डोळे, दुसऱ्यात जाळ्याची अंडी. तिसऱ्यात कोळी, म्हणजे बलकावर काळ्या मनुकेचं अंग आणि मनुका चिरून आठ पाय. एक पोरगं म्हणालं, "आंटी, हा डोळा माझ्याकडेच बघतोय," आणि गट्ट केला. पाऊण तासात ताटं रिकामी. समोरची सूनसुद्धा आली, सासूला न सांगता. म्हणाली, "ताई, मीठ बरोबर झालंय का या वेळेस?" दोन खाल्ली पोरीने.

सगळ्यांना सांगितलं मी, ही अंडी सिद्धम्माने सोललीत. एक नाही फाटलं. ती खुर्चीवर बसली होती, पोरांनी तिला कागदाचा मुकुट घातला होता.

तिचं नाव असं सगळ्यांसमोर घेतलं आणि मग घरी येऊन ओट्याशी उभी राहिले. आता लिहिते.

ते अंडं माझ्या आईने ठेवलं होतं.

चार वर्षांपूर्वी आई मुदखेडला अंथरुणाला खिळली होती. शेवटचे आठ दिवस मी तिच्याजवळ होते. एक दिवस म्हणाली, "वर्षे, तुझ्या जावेला सांग, इठाबाईनं पाप केलं." स्वतःचंच नाव घेऊन बोलली, मला वाटलं बरळते. मग तिने सगळं सांगितलं. आदल्या दिवशी अमावस्या होती. मी झोपले असताना तिने माझ्यावरून उतारा उतरवला. दृष्ट लागू नये म्हणून, भल्यासाठीच. अंडं घेतलं तुमच्या खुराड्यातून, न विचारता. ते तिवाट्यावर ठेवून मागे न बघता यायचं होतं. पण गाव परकं, अंधार पडलेला, कुत्री अंगावर आली. तेवढ्यात तुम्ही धार काढून येताना दिसलात. घाबरून तिने अंडं माझ्याच उंबऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. पहाटे उचलू म्हणाली. मी पहाटे तिच्या आधी उठले.

आणि बायका तुम्हाला अंडं उचलायला लावत होत्या तेव्हा ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गप्प. पंधराव्या दिवशी मला पारावर जाताना बघितलं तिने, तेव्हाही गप्प.

तिला जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षं मला ठाऊक आहे, अक्का. शिवमचं दुसरं स्थळ मोडलं ते गेल्या वर्षी. तेव्हाही मला ठाऊक होतं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. का? आईचं नाव खराब होईल, असं स्वतःला सांगत आले. आईचं कसलं? मी पारावर उभी राहून एका निष्पाप बाईचं वाटोळं केलं, हे कुणाला कळू नये म्हणून. तेवढंच खरं. पडद्यामागे सरकले, दुसरं काय.

तुम्हाला गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत, कुणी बाळ हातात देत नाही, तुम्ही कोंबड्या विकून टाकल्या, हे सगळं शिवम बोलता बोलता बोलून जातो. मी ऐकते आणि "हाव का" म्हणते.

हळदीची वाट बघत नाही. पुढच्या-पुढच्या शनिवारी, पंधरा तारखेला येते. तुम्ही नाही म्हणालात तर पारावर बोलून तशीच परत जाईन, घरी येणार नाही.

पाचही पत्रं एकाच पाकिटात घालून आत्ता टाकते. हे बाहेरून येऊन "काय लिहितेस एवढं" म्हणायच्या आत.

वर्षा


रेणापूर, ता. ७ नोव्हेंबर

वर्षास,

ताजी अंडी घेतलीस म्हणून फाटली. आठ दिस ठिवायची, मग उकडायची, आन् पाण्यात बुडवून पाण्यातच सोलायची. एवढं इचारायला नऊ वर्सं लागली व्हय तुला?

पत्रं मिळाली. शिवम म्हणला वाचून दावू का, मी म्हणलं मला येतंय. तिसरं वाचतानाच कळलं खोटं हाय. लगेच धावणारातली तू न्हाईस, मी तुला वळखते.

इठाबाईचं मला ठाऊक हाय. त्या सांजंला मी त्यांना खुराड्यात हात घालताना पाहिलं. मला वाटलं, पोटुशा लेकीला अंडं खाऊ घालायचं आसंल, मागायला लाजल्या आसतील. त्यांना कानकोंडं नको म्हणून मीच मागं फिरले. सकाळी त्येच अंडं लोकांनी माझ्या हातात दिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मान खाली घातली.

तू पारावर बोललीस तवा मला सांगता आलं आसतं. पण तुझं लेकरू गेलं व्हतं. त्यात हे आईनंच केलं म्हणले आसते तर तू आईला बी मुकली आसतीस. म्हणलं, लोक इसरतील. न्हाई इसरले. शिवमचं पहिलं मोडलं तवा लई पस्तावले मी. पण तवा बोलून कोण आयकणार?

तुला ठाऊक व्हतं आन् तू चार वर्सं गप बसलीस, त्याचा राग हाय मला. तो इतक्यात जायचा न्हाई. पण ये.

शनिवारी बाजार आसतो, समदे पारावर आसतात. इठाबाईचं नाव घ्यायचं का न्हाई ते तुझं तू बघ. मेलेल्या माणसाचं नाव काढ, आसं मी सांगणार न्हाई. तू नुसतं चूक झाली म्हणलीस तरी चालंल, माझं काम व्हतंय.

पोरीला आण. आन् त्या सिद्धम्मेला संगं आण. तिला मला बघायचंय.

सिंधु


१५ नोव्हेंबर, शनिवार, बसमध्ये

अक्का,

लातूरला बस बदलली. खिडकीची जागा अक्षराने घेतली, सिद्धम्मा मधे, मी कडेला. अक्षर वेडंवाकडं येतंय, रस्ता तुम्हाला माहीत आहे.

ह्यांना काल सगळं सांगितलं. म्हणाले, "मी येऊ?" मी म्हणलं, नको. मी एकटी गेले होते तेव्हा, आताही मीच जाते.

आईचं नाव घेणार आहे. विठाबाई, मुदखेडची, माझी आई, असं पूर्ण. तुम्ही सूट दिलीत, पण "चूक झाली" एवढंच म्हणले तर कुणीतरी विचारणारच, मग अंडं ठेवलं कुणी? आणि परत सगळ्यांचे डोळे तुमच्याच दाराकडे वळतील. आईनेच सांग म्हणलं होतं मला. तिचाही निरोप चार वर्षं माझ्याकडे पडून आहे.

दोनदा वाटलं अहमदपूरला उतरून मागे फिरावं. सिद्धम्माला म्हणलं, मला तिथे बोलताच आलं नाही तर? ती म्हणाली, "तू गप बसलीस तर मी बोलते. तेलुगुत बोलते, मंग बस सगळ्यांना समजावत."

हे पत्र टपालात टाकायचं नाही, हातातच देईन. एक मागते, अक्का. तुम्ही पारावर येऊ नका. त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांमधे उभं राहून ऐकावं लागलं होतं. आज घरातच बसा. मी बोलले की नाही ते लोकच येऊन सांगतील तुम्हाला, त्यांना दम निघायचा नाही. मग आम्ही तिघी येतो. पाणी ठेवा.

पिशवीत बारा अंडी आहेत, कच्ची. दुकानातून जुनीच मागून घेतली, आठ दिवसांची. पोरीला तुमच्या हातची सोललेली बघायचीत.

रेणापूर आलं. उतरते.

वर्षा